सहाचे नऊ

१८७० सालचा कापसाचा हंगाम. खामगावच्या हवेत रुईचे तंतू तरंगताहेत, नाकाशी हुळहुळताहेत. जलंबहून येणारा आगगाडीचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या हस्ते याच वर्षी सुरू झालाय. तुम्ही पंधरा वर्षांचे, एका अडत दुकानात गादीच्या कडेला मांडी घालून बसलेले. कच्च्या वहीतले आकडे पक्क्या वहीत उतरवायचे, हे तुमचं काम. आडव्या ओळीत गावं, उभ्या रकान्यात वार. कोणत्या गावाहून किती बंड्या आल्या ते त्या चौकटींत. शेवटच्या रकान्यात आणि शेवटच्या ओळीत बेरजा.

दिवे लागले तरी मेळ बसत नाही. मेहकरच्या ओळीची बेरीज २१ हवी, येते २४. मंगळवारच्या रकान्याची ४० हवी, येते ४३. दिवाणजी न रागावता वही पुढ्यात ओढतात.

“दोन्हीकडं तीनच वाढले ना बाबू? मंग जथी ओळ अन् रकाना भेटते, तथी पाह्य.”

त्यांचं एक बोट ओळीवरून सरकतं, दुसरं रकान्यावरून. दोन्ही भेटतात तिथे तुमच्याच हातचा ९ आहे. कच्च्या वहीत ६. पण ती वही न उघडताच दिवाणजींना चूक कुठे आणि कितीची, दोन्ही कळलं होतं. बेरजेचा तो जास्तीचा रकाना मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. त्यात नवी बंडी एकही नसते, नुसती राखण असते.

आता १९४७. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये गणकयंत्राचे रिले खटखटताहेत. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग शुक्रवारी गणित लावून जातात. सोमवारी बघतात तर यंत्राने चूक ओळखली, आणि ते गणित अर्धवट टाकून पुढचं हातात घेतलं. हॅमिंग चिडतात. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? त्यांनी तपासणीची बिटं अशी गुंफली, की ती एकत्र वाचली की बिघडलेल्या जागेचा क्रमांकच हाती येतो. १९५० मध्ये हे छापून आलं.

आणि आजची रात्र. तुम्ही लोणारच्या काठावर उभे आहात. पायांखाली सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. ते पाडणारी उल्का एकदाच पडली. अंतराळातल्या किरणांचा मारा मात्र अखंड चालू आहे. ते वातावरणावर आदळून न्यूट्रॉन उधळतात, आणि त्यातला एखादा तुमच्या अंगातूनही आरपार जातो. असाच एखादा कुठल्याशा सर्व्हरच्या मेमरीत शिरतो. तिथे एक ६ ठेवलेला आहे: ०११०. एक बिट उलटतं, ००१० होतं. सहाचे दोन.

पण तो ६ ज्या ६४ बिटांच्या शब्दात आहे, त्याजवळ आणखी ८ बिटं राखणीला बसवलेली आहेत. वाचताना ताळा चुकतो, जागा सापडते, बिट सरळ होतं. एकाच शब्दातली दोन बिटं उलटली, तर दुरुस्ती जमत नाही, पण चूक लपतही नाही. खोटा आकडा खरा म्हणून पुढे सरकवण्याऐवजी सर्व्हर ते काम तिथेच थांबवतो. जिथे थांबणंही परवडत नाही, तिथे सगळी मेमरी दुहेरी ठेवतात, कच्च्या वहीसारखी. निम्मी जागा त्यात जाते. जाऊ द्यावी.

मेमरीच्या एकाच पट्टीवर दुरुस्त्या वाढू लागल्या, की नोंदवही बघणारी तंत्रज्ञ ती बदलायला काढते. नोंदीत वेळ आहे, पट्टीचा क्रमांक आहे. तिचं बोट त्या ओळीवरून सरकत जातं.