घरांतील हवा व ओल : जुन्नर–आंबेगाव परिसर

मनुष्य ज्या बंदिस्त जागेत राहतो, स्वयंपाक करतो व झोपतो, तेथील हवेची प्रत मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : घरात निर्माण होणारा धूर व वायू, भिंती व छप्पर यांत साठणारी ओल, आणि बाहेरील हवेशी होणारे अभिसरण. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत या तिन्हींचा परस्परसंबंध विशेष स्पष्टपणे दिसून येतो. नाणेघाट व भीमाशंकरच्या बाजूस सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो, पूर्वेकडे सु. ५० किमी. अंतरात हे प्रमाण ६०० ते ७०० मिमी.पर्यंत उतरते. त्यामुळे घर कोरडे राखण्याचा प्रश्न येथील पश्चिम भागात धान्य साठविण्याइतकाच निकडीचा राहिला आहे. त्याची परंपरागत सोडवणूक चुलीच्या उष्णतेने झाली. तथापि तीच चूल घरातील धुराचेही कारण होती. या परिसरातील घरांच्या हवेचा इतिहास बव्हंशी या एका पेचाचा इतिहास आहे.

लेणी : या भागातील सर्वांत प्राचीन टिकून राहिलेली निवासस्थाने म्हणजे जुन्नरभोवतालची बौद्ध लेणी होत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी व शिवनेरी या डोंगरांतील लेणी इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून इ. स. तिसऱ्या शतकाच्या सुमारापर्यंत खोदली गेली. भिक्षूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहावे असा वर्षावासाचा नियम असल्याने, इतर गोष्टींबरोबर ही निवासस्थाने पावसाच्या कसोटीस उतरणे आवश्यक होते. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, जेथे आज गिरिजात्मजाचे स्थान आहे, खांब नसलेले विस्तीर्ण दालन असून त्याच्या तीन बाजूंस २० कोठ्या आहेत. दर्शनी ओसरीमुळे पावसाची झड आत येत नाही. परंतु आतील कोठ्यांना दालनाकडे उघडणारे एक दार सोडले तर हवेस दुसरी वाट नाही. पिण्याचे पाणी निवासाच्या आत न ठेवता खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवीत. या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या, ४६ व्या वर्षाचा निर्देश असलेल्या मानमोडी येथील लेखात पोढी व मंडप यांच्या दानाची नोंद आहे. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात विहारांना तीन प्रकारच्या खिडक्या ठेवण्याची, अग्निशाळा एका बाजूस बांधण्याची आणि स्नानाच्या उष्णगृहास धूर जाण्यासाठी नळी बसविण्याची अनुज्ञा आहे. अग्नी व शयनस्थान वेगळे असावे हा विचार भारतात किती जुना आहे, हे यावरून लक्षात येते.

परंपरागत घरे : पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर यांची घरे लाकडी खांबांवर उभी असत. कारवीच्या काठ्यांचे कुड, त्यांवर माती व शेण यांचा लेप, उतरते गवती छप्पर आणि पुढे पडवी अशी त्यांची सामान्य रचना होती. पावसाळ्यापूर्वी कुडाच्या बाहेरून गवताचा आडोसा बांधीत. पुढे गवताच्या जागी कौले आली. पूर्वेकडील मैदानी गावांत दगडमातीच्या जाड भिंती व मातीचे धाबे आढळे, तर जुन्नर शहरात चौकाचे वाडे होते. शेणाने सारवलेल्या मातीच्या भिंती व जमिनी हवेतील बाष्प शोषून घेतात व हवा कोरडी झाली की ते परत सोडतात. त्यामुळे आर्द्रतेतील चढउतार सौम्य होतात.

घाटमाथ्यावर आषाढ–श्रावणात बाहेरची हवाच बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. अशा वेळी केवळ दारे-खिडक्या उघडून घर वाळत नाही. हवा तापविली तरच तिची सापेक्ष आर्द्रता घटते. हे काम दिवसाचे अनेक तास पेटणारी चूल करीत असे. लाकूड जळतानाही पाण्याची वाफ निर्माण होते; परंतु चुलीची उष्णता दीर्घकाळ टिके आणि गरम हवा वाफेसह कौलांच्या फटींतून वर निघून जाई. चुलीवरील माळ्यावर ठेवलेले बियाणे व कणगीतील धान्य कोरडे राही, वासे व बांबू यांस कीड कमी लागे. या सोयीची किंमत मात्र घरातील स्त्रियांच्या व लहान मुलांच्या फुप्फुसांनी मोजली.

मूल्यमापनाचा प्रारंभ : घरातील हवा मोजण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात उदयास आले. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भागापेक्षा अधिक नसावे, असे सुचविले. कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी तेथील हवेतील सूक्ष्म कणांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून १८७३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात घरांची सरकारी तपासणी मोठ्या प्रमाणावर झाली ती १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत. मुंबईत खोल्यांत ऊन व हवा शिरावी म्हणून कौले उतरविण्यात आली आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविण्यात आली. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे नंतर सिद्ध झाले. म्हणून त्या रोगापुरता हा उपाय मूळ कारणावर नव्हता. तथापि हवा व प्रकाश यांचा आग्रह टिकला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ६३½ अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम स्वीकारला. इमारतीसमोर तिच्या उंचीच्या निम्म्याइतकी मोकळी जागा असावी, असा त्याचा अर्थ होतो. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या परंपरेत उष्ण व कोरड्या हवामानात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एकदशांश, तर उष्ण व दमट हवामानात एकषष्ठांश असावे, असे प्रमाण आढळते. हे नियम प्रामुख्याने शहरांसाठी होते. डोंगरातील कुडाच्या घराचा विचार त्यांत नव्हता.

धूर : चुलीच्या धुराचा आजाराशी असलेला संबंध भारतात प्रथम रुग्णालयांत लक्षात आला. १९५९ मध्ये एस. पद्मावती व एस. एन. पाठक यांनी दिल्लीतील, फुप्फुसविकारातून उद्भवणाऱ्या जीर्ण हृद्‌विकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही तो आढळत होता. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात प्रत्यक्ष किती धूर जातो याचे मापन कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत केले व १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच सुमारास केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. पुण्यातील समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था (आरती) हिने अशा चुलींच्या रचनेवर व प्रसारावर काम केले. पुण्याच्या परिसरातील खेड्यांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुधारित चुलीमुळे स्वयंपाकघरातील सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण घटल्याचे आढळले. परंतु हवा निर्धोक म्हणता येईल इतकी ही घट नव्हती. २·५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांसाठी भारतीय मानक (२००९) वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रती घनमीटर एवढे आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. लाकडाची चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात हे प्रमाण शेकडो ते हजारो मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ग्रामीण घरांत गॅस पोहोचविला. मात्र टाकी भरून आणण्याचा खर्च व फुकट मिळणारे सरपण यांमुळे अनेक घरांत गॅस व चूल दोन्ही चालू राहिली.

ओल व बुरशी : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरांचे साहित्य बदलले. कुड व माती यांऐवजी विटा, सिमेंट व सलोह काँक्रीट आणि गवताऐवजी पत्रे आले. ही घरे आगीस व वाऱ्यास अधिक टिकाव धरतात. परंतु त्यांच्या भिंतींत शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. पायातून चढणाऱ्या ओलीमुळे भिंतीस लोणा लागतो व रंगाचे पोपडे निघतात. रात्री थंड झालेल्या पत्र्याच्या आतील बाजूस बाष्प साकळून थेंब पडतात. गॅसच्या शेगडीने धूर जातो, पण चुलीची दीर्घकाळची ऊबही जाते. शिवाय १ किग्रॅ. गॅस जळताना सु. दीड किग्रॅ. पाणी वाफेच्या रूपाने खोलीत मिसळते. पृष्ठभागाजवळील सापेक्ष आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, की धूळ, रंग, लाकूड, कागद वा कापड यांवर बुरशी वाढू लागते. ॲस्परजिलस, पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम या तिच्या नेहमी आढळणाऱ्या प्रजाती होत.

ओलसर घरांत राहणाऱ्यांत खोकला, घरघर व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते. क्षयरोगामुळे फुप्फुसात पोकळी राहिलेल्या व्यक्तीस ॲस्परजिलसचा जीर्ण संसर्ग होऊ शकतो. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ या नावाने ओळखला गेलेला म्यूकरमायकोसिस हा रोग मात्र भिंतीवरील काळ्या बुरशीहून भिन्न कवकांमुळे होतो. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा वापर ही त्याची प्रमुख कारणे होती. भिंतीवरील बुरशीची जात तिच्या रंगावरून ठरविता येत नाही.

परीक्षणाच्या पद्धती : हवेतील बीजुके (कवकांचे सूक्ष्म प्रजोत्पादक कण) मोजण्यासाठी १९५२ मध्ये जे. एम. हर्स्ट यांनी व १९५८ मध्ये ए. ए. अँडरसन यांनी उपकरणे तयार केली. महाराष्ट्रात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे एस. टी. टिळक यांनी वायुजीवशास्त्राचा पाया घातला. १९७० मध्ये त्यांनी आर. एल. कुलकर्णी यांच्यासह नवे उपकरण मांडले आणि अजिंठ्याच्या चित्रांना कवकांपासून होणाऱ्या हानीचाही अभ्यास केला. तथापि बीजुकांची संख्या तासागणिक, ऋतूप्रमाणे व शेजारच्या शेतीनुसार बदलते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत बुरशीसाठी संख्यात्मक सुरक्षित मर्यादा ठरविली नाही; ओलच होऊ न देणे हा प्रमुख उपाय मानला.

यामुळे सामान्य घराच्या परीक्षणात महागड्या चाचणीपेक्षा पद्धतशीर पाहणीस अधिक महत्त्व आहे. कुबट वास, डागांची जागा व उंची, डाग पावसाबरोबर वाढतो की बारमाही असतो, या गोष्टींवरून पाण्याचा मार्ग कळतो. जमिनीलगतचा सलग पट्टा पायातील ओल दर्शवितो, छताजवळचा डाग गळती, तर कपाटामागील व कोपऱ्यातील डाग साकळलेले बाष्प. आर्द्रतामापकाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी या अनुमानास पुष्टी देतात. पाण्याची वाट बंद न करता केवळ रंग दिल्यास वा डाग पुसल्यास बुरशी पुन्हा येते. चूल व गॅस या दोहोंच्या बाबतीत धूर व वाफ छतापर्यंत पसरण्यापूर्वीच बाहेर जाण्याची सोय हवी.

पुनर्वसन : घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखाली आंबेगाव हे तालुक्यास नाव देणारे गाव गेले. ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून माळीण गाव गाडले गेले व सु. १५० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर आमडे येथे वसविलेले नवे गाव एप्रिल २०१७ मध्ये रहिवाशांच्या स्वाधीन करण्यात आले. अशा वसाहतींत घराची मजबुती हा पहिला निकष असणे स्वाभाविक आहे. परंतु डोंगरउतारावरील पाण्याचा निचरा, पायातील ओलरोधक थर, पुरेसा पुढे आलेला पाखा आणि स्वयंपाकघरास धूर व वाफ बाहेर काढणारी वाट यांचा विचार आराखड्यातच झाला नाही, तर मजबूत घरही पावसाळ्याचे चार महिने आरोग्यास अपायकारक ठरते. जुन्या घरात कोरडेपणा धुरासह येत असे. धूर नाहीसा करताना कोरडेपणाची वेगळी सोय करणे, हे या भागातील गृहरचनेपुढील प्रमुख कार्य आहे.