जखमी मेंदूची शाळा

पाचवीतल्या मुलाला एकदम ‘सात आठे किती?’ असे विचारले, की तो पुष्कळदा गडबडतो. मग ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात’पासून सुरुवात करतो आणि म्हणता म्हणता छप्पन्नवर येऊन थांबतो. उत्तर त्याच्या मेंदूत होतेच. सरळ वाटेने ते हाती लागत नव्हते, लयीच्या वाटेने लागले. मेंदूला इजा झालेल्या माणसाला पुन्हा बोलायला, लिहायला, आठवायला शिकवण्याचे जे शास्त्र विसाव्या शतकात उभे राहिले, त्याचे मर्मही असेच काहीसे आहे. त्याचा इतिहास आपण थोडक्यात पाहू या.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गमावलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात त्यांना बिघाड आढळला. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी बोललेले न समजण्याचा संबंध त्याच गोलार्धातील मागच्या एका भागाशी जोडला. मेंदूचा कोणता भाग कोणते काम करतो, याचा नकाशा तयार होऊ लागला. पण या नकाशातून एक निराशाजनक निष्कर्षही निघत होता. नष्ट झालेला मेंदूचा भाग पुन्हा उगवत नाही. मग त्याचे कामही कायमचे गेले, असेच समजायचे का?

हा प्रश्न युद्धांनी ऐरणीवर आणला. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागूनही वाचलेले शेकडो तरुण सैनिक रुग्णालयांत येऊ लागले. फ्रँकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डश्टाइन यांनी अशा सैनिकांसाठी संस्था काढली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात हेच काम अलेक्सांद्र लुरिया यांनी उरल पर्वताच्या दक्षिण भागातील एका रुग्णालयात हाती घेतले.

लुरियांचा विचार असा होता. ‘लिहिणे’ हे वरवर एक काम दिसले, तरी ती एक साखळी आहे. ध्वनी ओळखायचा, त्याच्या अक्षराचा आकार आठवायचा, हाताच्या हालचाली क्रमाने करायच्या. या प्रत्येक कडीसाठी मेंदूचा वेगळा भाग झटत असतो. एक कडी तुटली की लिहिणे थांबते, पण बाकीच्या कड्या शाबूत असतात. म्हणून आधी नेमकी कोणती कडी तुटली ते शोधायचे आणि मग उरलेल्या कड्यांतून नवी साखळी जुळवायची. हीच कल्पना त्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवरही वापरून पाहिली होती. सपाट जमिनीवर ज्यांचे पाऊल उचलत नसे, ते रुग्ण जमिनीवर ठेवलेले कागदाचे तुकडे ओलांडत चालू शकत. चालण्याचे काम आता डोळ्यांच्या मदतीने होत होते.

लुरियांचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे झासेत्स्की हा तरुण अधिकारी. २ मार्च १९४३ रोजी गोळीने त्याच्या मेंदूचा डावा मागचा भाग जखमी झाला. त्याला उजव्या बाजूचे दिसेनासे झाले. तंत्रशिक्षण घेतलेला हा मुलगा अक्षरे विसरला. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतला फरक त्याला उलगडेना. शब्द सगळे ओळखीचे, पण त्यांचे परस्परांशी नाते जुळत नव्हते.

तो अक्षरे पुन्हा शिकला ती ओळखीच्या नावांशी सांगड घालून. हवे ते अक्षर आठवले नाही, तर तो वर्णमाला पहिल्यापासून म्हणे, आपल्या पाढे म्हणणाऱ्या मुलासारखी! लिहिणे मात्र जमेना, कारण अक्षराचा आकारच डोळ्यांपुढे येत नसे. एके दिवशी त्याला सांगण्यात आले, की अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता अख्खा शब्द लिहून टाक. त्याने ‘रक्त’ या अर्थाचा रशियन शब्द लिहिला. स्वतः लिहिलेले त्याला वाचता येईना, पण शब्द बरोबर होता. आकाराची कडी तुटली होती, हाताच्या सवयीची शाबूत होती. डोळे मिटूनही आपल्याला सही करता येते, ती याच सवयीच्या बळावर.

पुढची सुमारे पंचवीस वर्षे झासेत्स्की लिहीत राहिला. एका पानासाठी कधी कधी पूर्ण दिवस लागे, तरी सुमारे तीन हजार पाने झाली. लुरियांनी ती आधाराला घेऊन १९७१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. झासेत्स्की बरा झाला का? नाही. वाचन आणि आठवण यांसाठीची त्याची झुंज संपली नाही. पण विखुरलेले आयुष्य कागदावर जुळवण्याचे साधन त्याला मिळाले.

एका रुग्णाच्या कहाणीने उपचार सिद्ध होत नाही, हे आम्हां विज्ञानातल्या लोकांना सांगावेच लागते. तो पुरावा हळूहळू जमतो आहे. जर्मनीत दीडशेहून अधिक वाचाघाताच्या रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. आजार सहा महिन्यांहून जुना असूनही, तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा अधिक उपचार घेतल्यावर त्यांचे बोलणे सुधारले. आज वाचाउपचारतज्ज्ञ दोन्ही मार्ग वापरतात. कमकुवत झालेल्या क्षमतेचा सराव करून घेतात आणि जे परत येणार नाही त्यासाठी वही, चित्रे, मोबाइलचा गजर अशा पर्यायी वाटा शिकवतात.

वर्गात अडखळणारे मूल म्हणजे मेंदूचा रुग्ण नव्हे. पण लुरियांचा प्रश्न तिथेही विचारता येतो. ‘याला येत नाही’ असा शेरा मारण्याआधी, नेमकी कोणती कडी निसटली आहे आणि कोणत्या शाबूत आहेत?