ईस्टमन कोडॅक कंपनी व अंकीय छायाचित्रण

अंकीय कॅमेऱ्याचा आरंभ करूनही त्याच्याच प्रसारामुळे दिवाळखोरीस पोहोचलेली अमेरिकन कंपनी. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. कॅमेरा अल्प किंमतीत विकावयाचा आणि फिल्म, रसायने व छपाईचा कागद यांवर नफा मिळवावयाचा, हे कंपनीच्या व्यवसायाचे सूत्र बनले.

१९७५ मध्ये कंपनीचेच अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी अंकीय कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सु. ३·६ किग्रॅ. होते. १०० × १०० चित्रबिंदूंचे कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. त्याचे एकस्व १९७८ मध्ये मिळाले. १९९१ मध्ये निकॉन एफ३ कॅमेऱ्यावर आधारलेला १·३ मेगापिक्सेलचा अंकीय कॅमेराही कंपनीने विक्रीस आणला. म्हणजे तंत्रज्ञान तिला अपरिचित नव्हते. अंकीय कॅमेऱ्यास फिल्म लागत नाही आणि त्यातील बहुतेक चित्रे कागदावर छापलीही जात नाहीत, या परिणामाचे मोजमाप मात्र चुकले.

ही चूक एकट्या कोडॅकची नव्हती. १९९६ मध्ये कोडॅक, फूजी, कॅनन, मिनोल्टा व निकॉन यांनी संयुक्तपणे नव्या प्रकारच्या फिल्मची पद्धत प्रचारात आणली. ती अल्पजीवी ठरली. फूजीने पुढे वैद्यकीय साधने, सौंदर्यप्रसाधने व द्रवस्फटिक पडद्यांसाठी लागणारे पटल यांकडे वळून तग धरला. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला; पुनर्रचनेनंतर २०१३ मध्ये ती त्यातून बाहेर पडली. प्रचलित उत्पन्नाचे रक्षण करताना भावी उत्पन्नाचा मार्ग कसा हातचा जातो, याचे हे बोधप्रद उदाहरण होय.