वसईची सुकेळी

निर्मळच्या श्रीशंकराचार्य मंदिराची यात्रा कार्तिक वद्य एकादशीस भरते. यात्रेहून येणाऱ्याच्या पिशवीत सुकेळी नसली, तर यात्रा घडली असे घरची वडीलधारी मंडळी मानीत नसत.

सुकेळी म्हणजे वाळविलेले राजेळी केळे. पाऊस सरला, की पिकलेली केळी सोलून उन्हात मांडीत, दव पडण्यापूर्वी घरात घेत, सकाळी पुन्हा बाहेर. असे आठवडाभर चाले. कावळे-माश्या हाकण्याचे काम नातवंडांकडे असे. राखणदारानेच दोन-चार केळी फस्त केल्याच्या गोष्टी आगाशीकडची वृद्ध माणसे आजही हसत सांगतात. अवकाळी पाऊस आला, तर मात्र हसू मावळे. सारा माल नासून घरधनिणीचा वरखर्च बुडे.

१५३४ ते १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. कित्येक घरांचा धर्म पालटला. पण केळीची वाडी आणि सुकेळीची रीत हिंदू व ख्रिस्ती अंगणांत एकच राहिली. यात्रेच्या बाजारात ती कोणाच्या घरची, हे कोणी विचारीत नसे.

पुढे रहाट जाऊन पंप आले, विहिरी खारावल्या; १९८० नंतर वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. राजेळी दुर्मिळ झाली. सुकेळीला भाव चांगला येतो, पण एवढे कष्ट उपसणारे हात घरात नाहीत.

मंदिरामागे राजेळीचे चार मुनवे लावावेत, असे वृद्ध ग्रामस्थांचे म्हणणे आहे. केळी वाळवावयाची कोठे, हा प्रश्न अंगणात मोटारी उभ्या राहू लागल्यापासून सुटलेला नाही.