रक्ताची ठेव



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि सनदा उभ्या राहतात. आज मी मात्र प्रयोगशाळेतील एका शीतपेटीचा इतिहास सांगणार आहे. दुसऱ्याच्या रक्ताचे नमुने व आरोग्याची माहिती संशोधकाने कोणत्या अटींवर हाताळावी, याविषयीचे नियम तरुण अभ्यासकांना बहुधा कागदी अडसर वाटतात. ते का निर्माण झाले, हे समजण्यास एक प्रकरण पुरेसे आहे.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीत हवासुपाय नावाची लहानशी आदिवासी जमात राहते. त्यांच्या सुपाय गावी मोटार जात नाही. पायी, घोड्याखेचरावरून अथवा हेलिकॉप्टरने जावे लागते. या जमातीत मधुमेहाने थैमान घातले होते. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तेथे २०० हून अधिक रक्तनमुने घेतले. या रोगावर काही उपाय सापडेल, या आशेने लोकांनी हात पुढे केले. संमतिपत्रातील उद्देश मात्र ऐसपैस होता. त्यात वर्तनविषयक व वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास, असा उल्लेख होता.

२००३ मध्ये जमातीच्या कार्लेटा टिलूसी त्याच विद्यापीठात एका पीएच.डी. प्रबंधाचे सादरीकरण ऐकावयास गेल्या. प्रबंध आपल्याच लोकांच्या रक्तावर आधारलेला असून त्यात मधुमेहाचा विषयच नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. यासाठी परवानगी घेतली होती काय, असे त्यांनी तेथेच विचारले. पुढे उघड झाले की नमुन्यांचा उपयोग स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतील संतती आणि पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासासाठीही झाला होता. आपला उगम या दरीतच झाला, अशी जमातीची श्रद्धा. तिच्याच रक्ताच्या आधारे पूर्वज आशियातून आल्याचे मांडले गेले. शास्त्राचे म्हणणे बरोबर असेलही; पण त्यासाठी आपले रक्त द्यावे काय, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

जमातीने त्या विद्यापीठाच्या संशोधकांना आपल्या भूमीत मज्जाव केला. २००४ मध्ये दावे दाखल झाले. एप्रिल २०१० मध्ये तडजोड होऊन ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर देण्यात आले आणि उरलेले रक्त जमातीला परत मिळाले. तडजोडीमुळे मूळ प्रश्नाचा न्यायनिवाडा झालाच नाही. त्याचे उत्तर संशोधनसंस्थांना आपापल्या नियमांतूनच द्यावे लागले.

त्या नियमांचे सार थोडक्यात असे: संशोधकाने लेखी अर्जात उद्देश सांगावा, तो दात्याच्या संमतीत बसतो की नाही, हे नीतिसमितीने तपासावे, नमुन्यावर नाव नसावे, केवळ संकेतांक असावा, परवानगीवाचून नमुना वा माहिती तिसऱ्याच्या हाती जाऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याहून पुढे जातात. त्यांनुसार नमुन्याचा व माहितीचा मालक दाताच. संस्था ही केवळ विश्वस्त.

मला हा शब्द मोलाचा वाटतो. ठेव आणि देणगी यांतील भेद आपल्याकडे निरक्षर माणसालाही कळतो. देणगी दिली की देणाऱ्याचा हक्क संपतो. ठेव मात्र ज्या कारणासाठी सोपवली, त्यासाठीच राखावयाची असते. हवासुपायांनी ठेव ठेवली. ती देणगी समजून खर्च झाली.

यात शास्त्राचेही नुकसान झाले. मधुमेहाचा अभ्यास ज्यांना सर्वाधिक हवा होता, त्यांनीच संशोधकांना दार बंद केले. नियमांमुळे एखादा अर्ज काही महिने रखडतो, हे मी मान्य करतो. परंतु मोडलेला विश्वास कोणत्याही समितीच्या ठरावाने परत येत नाही. या शाळेतून बाहेर पडलेले जे डॉक्टर आणि संशोधक आज येथे उपस्थित आहेत, त्यांनी पुढचा अर्ज भरताना त्या दरीतील माणसांची आठवण ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.