पाणी कुणी शिंपायचं?

आखाजी होऊन गेली. घागर भरून झाली, झोके खेळून झाले, माहेरी आलेल्या लेकी परत सासरी गेल्या, आणि आता उरलंय नुसतं ऊन. मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो म्हणजे काय होतं, हे खानदेशातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

आज आम्ही ब्राह्मणपुरीतल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाया बोलतोय. आमच्या खोल्यांवर पत्रा आहे. दुपारी बारानंतर तो असा तापतो की पंखा लावला तर वरची गरम हवाच तेवढी अंगावर येते. आमच्या आज्या धाब्याच्या घरात राहिल्या. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचा थर, आणि दर पावसाळ्याआधी धाब्यावर टाकलेली खारी माती. ते घर दुपारी लवकर तापायचंच नाही. पण धाब्याला दरवर्षी मेहनत लागते, आणि भाड्याने द्यायच्या खोलीवर एवढी मेहनत कोण करतो? म्हणून पत्रा आला. मालकाला स्वस्त पडला, त्याची किंमत आम्ही घामाने भरतो. भिंतीला भोक पाडायचं नाही, खिडकी काढायची नाही, छपराला हात लावायचा नाही, अशा अटी. मग आपल्या हातात राहतं ते पाणी.

पाण्याने गार का होतं, हे आखाजीची घागरच सांगते. मातीचं भांडं पाझरतं, बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी घेतं. म्हणजे बर्फाच्या सातपट! फक्त ते उडालं पाहिजे. हवा कोरडी असेल तर उडतं, दमट असेल तर तिथेच बसून राहतं. म्हणून जी युक्ती मे महिन्यात आपल्याकडे चालते, ती मुंबईच्या चाळीत चालत नाही, आणि पहिला पाऊस पडला की आपल्याकडेही चालत नाही.

ही युक्ती बादशहांनाही ठाऊक होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या घरांचं वर्णन केलंय. बांबूचा सांगाडा करायचा, त्यात वाळ्याची मुळं भरायची आणि वरून पाणी टाकायचं. याला खसखाना म्हणत. पिण्याचं पाणी गार करण्याची रीतही त्यात आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा विरघळवायचा आणि त्यात पाण्याची सुरई फिरवत राहायची. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार. लढाईचं सामान पाणी गार करायला! हा अबुल फझल पुढे आपल्याच मुलखात मोहिमेवर होता. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. असीरगडाजवळचं बुऱ्हाणपूर म्हणजे जुन्या खानदेशची राजधानी, आपल्याच तापीच्या वरच्या अंगाला. आज ते मध्यप्रदेशात आहे. तिथे मोगल काळात जमिनीखालून पाणी आणणारी कुंडी भंडाऱ्याची व्यवस्था झाली, ती लोक अजून बघायला जातात.

आम्हाला यात एक गंमत वाटते. मोहिमेवरचा बादशहा तंबूत राहायचा. आज इथे, उद्या तिथे. म्हणजे एका अर्थी तोही भाडेकरूच. वाळ्याची ताटी दाराला टेकवायची, निघताना काढून न्यायची. भिंतीला खिळासुद्धा लागत नाही. गारव्याची ही सोय मुळातच सोबत नेता येण्यासारखी आहे.

घर बांधतानाच पाण्याचा विचार केला तर काय होतं, हे बघायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ती आहे. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, त्यावर जातं फिरवलं. जात्याची गोष्ट शाळेच्या सहलीत सगळ्यांना सांगतात. पण तिथल्या मोठ्या हौदाखाली एक लांबरुंद दालन आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. उन्हाळ्यात आलेल्या वाटसरूंना तिथे गारवा मिळायचा. आणि हे पाणी झऱ्यावरून आपोआप येत होतं, डोक्यावरून वाहून आणावं लागत नव्हतं. ही गोष्ट आम्हाला जात्यापेक्षा मोठी वाटते.

बाकी ठिकाणी पाणी माणसाने वाहिलं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. साहेबांच्या बंगल्यांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या, आणि त्या दिवसभर ओल्या ठेवायला पखाल घेतलेला भिस्ती लागायचा. ताटी वाळली की उपयोग संपला. म्हणजे आत साहेब जेवतोय, झोपतोय, आणि बाहेर लू लागणाऱ्या उन्हात एक माणूस पाणी शिंपडत उभा. १८३०च्या सुमारास तर एक मोठी लाकडी पेटी निघाली. बाजूंना ओला वाळा, आत हाताने फिरवायचा पंखा. साहेबलोक तिला थर्मँटिडोट म्हणत, उष्णतेवरचा उतारा अशा अर्थाने. तिचं चित्र बघितलं तर कुणीही म्हणेल, अगं हा तर कूलर! फरक एवढाच की मोटरच्या जागी माणूस होता.

मोटर आली आणि पंखा फिरवणारा सुटला. पाणी भरणारी मात्र सुटली नाही. मधला कूलर दिवसभरात चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो. म्हणजे तीन-चार हंडे. ज्यांच्या टाकीला नळी जोडलेली आहे त्यांना हा हिशेब कळत नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. ते हंडे कोण भरतं आणि दुपारी घरात कोण असतं, हे विचारून बघा. बंगल्याच्या बाहेर जो भिस्ती उभा होता, तो आता घरात आलाय आणि त्याने साडी नेसलीय.

म्हणून कमी पाण्यात काय होतं ते आम्ही करून बघितलं. घरभर सडा मारणं बहुतेक वाया जातं. खोली बंद असेल तर उलट कोंदट होते, जीव घाबरतो. त्यापेक्षा वारा येतो त्या खिडकीला ओलं गोणपाट किंवा जुनं सुती लुगडं लावायचं आणि समोरचं दार उघडं ठेवायचं. दमट हवा बाहेर गेली पाहिजे, नाहीतर ते लुगडं नुसतंच टिपकत बसतं. खिळे ठोकायची परवानगी नसेल तर खिडकीच्या गजांना दोरीने बांधता येतं. पत्र्यावर गोणपाट अंथरून ऊन उतरल्यावर भिजवलं तर रात्रीची झोप लागते. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी त्याला चालतं. आणि सगळ्यांत थोड्या पाण्यात होणारं काम म्हणजे घर सोडून माणूस भिजवणं. ओला पंचा मानेवर, खांद्यावर, आणि पंखा. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं यांच्यासाठी हे आधी करा. पत्र्याला चुना लावायचाही उपाय आहे. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला, आणि पुढे तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये छपरं पांढरी करायचं काम झालं. आमच्यातल्या एकीने मालकाला चुन्याचं विचारलं. पत्रा तुमचा नाही, असं उत्तर मिळालं. तिने पुन्हा विचारायचं ठरवलंय.

कूलर असेल तर दोन गोष्टी. पाणी भरताना आधी बटण बंद करून पिन काढायची. लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि पाणी भरणारी म्हणजे बहुतेक आपणच, ओल्या हाताने, अनवाणी. दुसरं, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास त्याच साठलेल्या पाण्यात वाढतो.

पाण्याच्या पाळीचं सांगायचं राहिलं. आमच्या ओळीत चार खोल्या आहेत. यंदा असं ठरलंय की संध्याकाळी पत्रा भिजवायचा तो घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी, एकेका आठवड्याने एकेका घराने. बायकांनी त्या बादलीला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात दोन दिवस खाडा झाला, गोणपाट कोरडंच राहिलं आणि रात्री सगळेच अंगणात झोपले. कुणी कुणाला बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच बादली भरलेली होती.