देणारे यंत्र, मागणारे यंत्र

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले तलाव आणि शेतांमधल्या बोड्या यांच्या पाण्यावर इथले धान पिकते. तलावाकाठच्या घरात मुलाला पाण्यात सोडण्याआधी घाट कुठे आणि खोल पाणी कुठे, हे दाखवतात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हा क्रम उलटा केला. तो कसा उलटला, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झाले. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. तेव्हा गोंदियाही भंडाऱ्यातच होता. तो 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. मधल्या काळात, 1983 साली, इन्सॅट-1बी हा उपग्रह आकाशात गेला. ज्या सहा राज्यांतल्या लहान मुलांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ ठरले, त्यांत महाराष्ट्र होता. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी ही संस्था निघाली. रेडिओ काय किंवा दूरचित्रवाणी काय, दोन्ही यंत्रे देणारी. मुलाने ऐकावे, पाहावे आणि घरी जावे. यंत्र त्याला उलट काही विचारीत नसे.

संगणकही प्रथम असाच आला. केंद्र सरकारने 1984-85 साली देशातल्या सुमारे 250 शाळांत संगणक साक्षरतेची योजना सुरू केली. त्यासाठी बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश यंत्रे आणली. शिकवण्याचा भर होता कळफलकावर आणि बेसिक या भाषेवर. ते यंत्र खोलीत एकटेच असे, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नव्हता. मग जपायचे काय? तर यंत्रच! पुढे डिसेंबर 2004 मध्ये माध्यमिक शाळांसाठी मोठी योजना आली, आणि उच्च प्राथमिक वर्गांत सर्व शिक्षा अभियानातून संगणक पोचला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही संगणकाला आज्ञा लिहिण्याचे शिक्षण सहावीपासून पुढे धरले आहे. तिसरी-चौथीचा वर्ग सगळ्यांत मागे राहिला.

आणि नेमके त्याच वयाच्या मुलाच्या हाती फोन पडला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि बापाच्या खिशातला फोन हीच शाळा झाली. आता हे यंत्र नुसते देत नाही, मागतेही. नाव सांग, गाव सांग, फोटो पाठव, आलेला आकडा सांग. मोठ्या माणसाचे मान राखून उत्तर द्यावे, ही आपलीच शिकवण. तिकडून कोण बोलतो आहे, हे मुलाला कसे कळावे?

कायदा झाला नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे, आणि मुलांच्या अश्लील चित्रणाविरुद्धचे खास कलम 2009 पासून. पण कायदा बहुधा घटना घडून गेल्यावर धावतो. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातील 14 ते 16 वर्षांच्या मुलांना काही प्रश्न विचारले. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी सुमारे 58 टक्के मुलांनाच पासवर्ड बदलता येत होता. म्हणजे दहापैकी चार मुले या वयातही कुलूप न बदलता घरात राहतात! त्याआधीच्या वयात त्यांना हे कुणी शिकवले असते तर?

यासाठी प्रत्येक वर्गात संगणक हवाच असे नाही. फळा पुरे. आपले पूर्ण नाव, शाळा आणि पत्ता अनोळख्याला सांगू नये. आलेला ओटीपी कुणाला देऊ नये. मनाला खटकेल असे काही दिसले तर फोन ठेवून मोठ्यांना सांगावे. पैसे गेले तर घरच्यांनी लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे. एवढे चौथीच्या मुलाला सहज समजते.

शेवटची गोष्ट मात्र शाळेची नाही, घरची आहे. चूक सांगितली की मार बसतो, हे ज्या मुलाला ठाऊक असते, ते सांगत नाही. आणि धमकावणाऱ्याचे फावते ते तिथेच. न विचारता तलावावर गेलेला मुलगा घरच्या माराच्या भीतीने हाक मारीत नाही, तेव्हा काठावर माणसे असूनही उपयोग नसतो. तेव्हा श्रोतेहो, मुलाला फोन देताना एक शब्दही द्या : काही झाले तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही. आणि तो शब्द पाळा.